नळीचें तोंड

मराठी माणसाच्या हातांतून बंदूक केव्हांच गेली, पण त्याच्या तोंडांतून ती अजून गेलेली नाहीं. आपण एखादें मत ‘ठासून’ सांगतों, लग्नसराईंतली एस्. टी. ‘ठासून’ भरलेली असते. पुढाऱ्याच्या पोकळ धमकीला आपण ‘फुसका बार’ म्हणतों. आणि ‘यंदाच बार उडवून टाकूं’ असें म्हणणाऱ्या वधूपित्याच्या डोळ्यांपुढें दारूगोळा मुळींच नसतो. हे सारे शब्द ठासणीच्या बंदुकीच्या घरचे. तिच्या मागून आलेल्या काडतुसाच्या बंदुकीनें भाषेला एवढें देणें दिल्याचें मला आठवत नाहीं. काडतुसाची बंदूक हें एक यंत्र आहे. ठासणीच्या बंदुकीला स्वभाव आहे.

त्या स्वभावाचें मूळ तिच्या शरीररचनेंत आहे. काडतुसाची बंदूक पाठीमागून खाते आणि पुढून बोलते. ठासणीच्या बंदुकीला तोंड एकच. तिनें त्याच तोंडानें जेवायचें आणि त्याच तोंडानें बोलायचें. आधीं मापानें दारू, तिच्यावर काथ्याचा घट्ट बोळा, मग छरे, त्यांवर आणखी एक बोळा, आणि प्रत्येक घासाला गजाचे मोजके ठोके. हें सारें झाल्यावर घोडा उचलून कानावर टोपी बसवायची. एवढा सोपस्कार झाल्यावर जो बार निघतो तो एकच, आणि तो चुकला तर पुन्हां पहिल्यापासून सारी पंगत वाढावी लागते. असें शस्त्र बाळगणारा मनुष्य एक तर फार विचारी होतो, नाहीं तर फार चिडखोर. आमच्या घराण्यांत दोन्ही प्रकारचीं माणसें होऊन गेलीं आहेत.

आमची ही बंदूक रोहें तालुक्यांत डोंगराच्या कुशींतल्या आमच्या जुन्या घरीं असते. मी पेणला एका कॉलेजांत इंग्रजी शिकवितों. शेती थोरल्या भावाकडे होती, त्याच्या पश्चात् ती पुतण्याकडे आली, आणि शेताबरोबर बंदुकीचा परवानाहि रीतसर त्याच्या नांवावर झाला. परवाना शेतसंरक्षणाचा आहे. १९५९ च्या शस्त्रकायद्याच्या तेराव्या कलमांत शेतसंरक्षणासाठीं ठासणीच्या बंदुकीचा नांवानिशीं उल्लेख आहे, आणि कोंकणांतल्या कितीतरी घरांतून भिंतीला टांगलेल्या ज्या जुन्या बंदुका दिसतात त्यांचें रहस्य या उल्लेखांत आहे. त्या शिकाऱ्यांच्या बंदुका नव्हेत. त्या राखणदारांच्या आहेत.

शिकार तर आमच्या मुलुखांतून माझ्या वडिलांच्या देखत नाहींशी झाली. मुरूड आणि रोहें या दोन तालुक्यांत पसरलेलें फणसाडचें रान एके काळीं जंजिऱ्याच्या नबाबांचें राखीव शिकारीचें रान होतें. १९४८ त संस्थान गेलें, १९७२ त वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला, आणि १९८६ त तेंच रान अभयारण्य झालें. जिल्ह्याचें नांव कुलाब्याचें रायगड १९८१ त झालें, पण वडील शेवटपर्यंत कुलाबाच म्हणत. बंदुकीच्या बाबतींत मात्र ते काळाबरोबर चालले. पुढें पुढें ते तिच्यांत छरे घालीतच नसत. दारू आणि काथ्या एवढ्यावर त्यांचें भागे. पिकांत खसखस ऐकूं आली कीं माळ्यावरून एक आवाज करायचा, डोंगरानें तो दोनदां परत करायचा, आणि डुकरांनीं निघून जायचें, असा उभयपक्षीं मान्य झालेला तह होता.

हा तह पुढें डुकरांनीं मोडला. नुसत्या आवाजानें कोणी मरत नाहीं, हें जें ज्ञान माणसाला फार उशिरां होतें तें त्यांना लवकर झालें. २०२३ च्या भातकापणीच्या आधीं मी घरीं गेलों तेव्हां तीन खाचरें नांगरल्यासारखीं दिसत होतीं. डुक्कर भात जेवढें खातें त्याच्या कितीतरी पट तें तुडवितें. पुतण्या बांधावर उभा होता. त्यानें भाताकडे पाहिलें नाहीं, माझ्याकडे पाहिलें नाहीं, तो म्हणाला, “काका, नळीचं तोंड आवळून घेतलं पाहिजे.”

त्याचा हिशेब असा होता. वनखात्याच्या परवानगीवांचून रानडुक्कर मारतां येत नाहीं. तर परवानगीसाठीं अर्ज करायचा. आणि परवानगी हातीं आल्यावर मिळालेली संधि वायां जातां कामा नये. त्यानें चाळीस पावलांवर रॉकेलचा रिकामा डबा ठेवून एक बार टाकून पाहिला होता. डब्याला दोन छरे लागले. बाकीचे कोठें गेले तें त्या डोंगरालाच ठाऊक.

“एवढ्यासाठीं जुन्या नळीला हात लावायचा?” मी म्हणालों. त्यावर तो जें बोलला तें मी विसरलेलों नाहीं, आणि विसरावें असेंहि त्यांत कांहीं नव्हतें. तो म्हणाला, “काका, तुमचा पगार डुकरं खात नाहींत.”

अशा वाक्याला इंग्रजी वाङ्मयाच्या प्राध्यापकाजवळ उत्तर नसतें. मी पेणला परत आलों आणि आमच्या धंद्यांतला माणूस जें करतो तेंच केलें: पुस्तकें काढून बसलों.

नळीचें तोंड आवळणें, म्हणजे ज्याला बंदूकवाले ‘चोक’ म्हणतात, ती कल्पना फार जुनी नाहीं. बारा बोअरची बंदूक म्हणजे एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यांतली एक जिच्यांतून बरोबर जाईल अशी नळी. तिचा व्यास सुमारें साडेअठरा मिलिमीटर भरतो. ही नळी शेवटच्या टोंकाशीं फार तर एका मिलिमीटरनें निमुळती केली, तर कडेच्या छऱ्यांना बाहेर पडतां पडतां आंतल्या बाजूस किंचित् ढकल मिळते, आणि सारा थवा पुढें बराच वेळ दाटीनें उडत राहतो. चाळीस यार्डांवर तीस इंच व्यासाचें वर्तुळ काढून त्यांत किती छरे पडले हें मोजण्याची रीत आहे. सरळ नळीचे शेंकडा चाळीस पडतात. पूर्ण आवळलेल्या नळीचे शेंकडा सत्तर. एका मिलिमीटरच्या पोटांत एवढा फरक दडलेला असतो.

न्यूकॅसलच्या पेप नांवाच्या कारागिरानें १८६६ त घेतलेल्या पेटंटांत या युक्तीचा उल्लेख आहे. अमेरिकेंत इलिनॉयमधला बदकांचा शिकारी फ्रेड किंबल यानें जवळजवळ त्याच सुमारास ती आपल्या परीनें शोधली, आणि त्याची हकीकत मोठी गंमतीची आहे. त्यानें नळी पुष्कळ आवळून पाहिली, तर छरे दाट होण्याऐवजीं अधिकच उधळले. कंटाळून त्यानें तो आवळ घासून काढायला घेतला, आणि थोडासा उरला असतां सहज बार टाकला, तेव्हां छरे मुठींत धरल्यासारखे एका जागीं बसले! पुढें बर्मिंगहॅमच्या ग्रीनरनें १८७४ च्या सुमारास हा चोक हुकमी करून दाखविला, आणि १८७५ त लंडनच्या ‘फील्ड’ पत्रानें भरविलेल्या चाचणींत त्याच्या बंदुकांनीं सरळ नळ्यांना मागें टाकलें.

पण हें यश मुख्यतः काडतुसाच्या बंदुकीचें. ठासणीच्या बंदुकीपुढें अडचण निराळीच उभी राहते, आणि ती तिच्या एका तोंडाची अडचण आहे. जें तोंड छऱ्यांना बाहेर जातांना आवळायचें, त्याच तोंडानें बोळा आंत जायचा असतो. तोंडाशीं बसेल एवढा बोळा घ्यावा, तर तो आंतल्या रुंद नळींत सैल पडतो आणि दारूचा जोर त्याच्या कडेनें निसटतो; आंत घट्ट बसेल एवढा घ्यावा, तर तो तोंडांतून उतरत नाहीं. थोडक्यांत, बोलणें नेमकें व्हावें म्हणून तोंड आवळलें कीं जेवणाचे हाल होतात. या पेंचांतून कारागिरांनीं जी वाट काढली ती पाहून मला खरोखर आनंद झाला. ते तोंडाला हात लावीत नाहींत. तोंड जसेंच्या तसें ठेवून त्याच्या थोडें मागें, नळीच्या आंतल्या अंगानें, कांहीं इंच लांबीचा भाग अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास पोखरून रुंद करतात. छऱ्यांचा थवा त्या पोकळींत क्षणभर पसरतो आणि लगेच पुढच्या मूळच्या तोंडांतून जातांना आवळला जातो. तोंड लहान केलेलें नसतें. तोंडामागें पोट केलेलें असतें. इंग्रजींत बंदूकवाल्यांनीं त्याला घागरीचें नांव दिलें आहे. गणपतीच्या मूर्तींसाठीं महाराष्ट्रभर नांवाजलेल्या पेणसारख्या गांवीं राहणाऱ्या मला मात्र लंबोदराची आठवण झाली. ज्याला नेमकें बोलायचें आहे त्यानें तोंड मिटून घेऊं नये, आंत जागा वाढवावी, हा उपदेश एखाद्या सुभाषितांत शोभला असता. तो मला लोखंडाच्या नळींत सांपडला.

बंदुकीच्या नळीला हात लावणें हें परवानाधारक कारागिराचें काम. घरीं कानस घेऊन बसण्याचा तो विषय नव्हे. तेव्हां २०२४ च्या मे महिन्यांत, कागदपत्रें बरोबर घेऊन, आम्ही दोघे मुंबईच्या एका जुन्या बंदूकवाल्याकडे गेलों. म्हाताऱ्यानें नळी काढून खिडकीकडे धरली आणि एक डोळा मिटून आंतल्या छायेचीं वर्तुळें बराच वेळ पाहिलीं. मग नळीची जाडी जागोजाग मोजली. पुतण्यानें आपली इच्छा सांगितली.

“पोट पाडतां येईल,” तो म्हणाला. “नळीला तेवढं मांस आहे. किती पावलांवरून मारणार?”

“चाळीस. कधीं पन्नास,” पुतण्या म्हणाला.

“मोजलं आहे?”

पुतण्या गप्प राहिला. मीहि राहिलों.

“वीस यार्डांवर सरळ नळीचे छरे बत्तीसएक इंचांत पसरतात, आवळलेलीचे सोळाएक इंचांत. तुमचं जनावर वीसवर येत असेल तर या कामाचे पैसे फुकट, वर नेम चुकायची भीति जास्त. साठवर येत असेल तर चोक करूनहि उपयोग नाहीं. जनावर नुसतं जखमी होऊन जाईल. मधल्या अंतरासाठींच हा खटाटोप. आधीं जाऊन मोजून या.” मग त्यानें नळी कापडांत गुंडाळून परत दिली आणि म्हणाला, “साहेब, नळींतून काढलेलं लोखंड परत घालतां येत नाहीं.”

परतीच्या गाडींत पुतण्या खिडकीबाहेर पाहत होता, आणि मला माझा वर्ग दिसत होता. आमच्या विद्यापीठांतून अलीकडे पूर्ण आवळलेल्या नळ्या पुष्कळ तयार होतात. एका कवीच्या एका कालखंडांतील एका प्रतिमेवर ज्यांनीं पांच वर्षें घालविलीं आहेत, अशा विद्वानांचा मारा चाळीस यार्डांवर खरोखर अचूक असतो. पण वर्गांत पहिला बाक पांच पावलांवर असतो. एवढ्या जवळून दाट मारा झाला म्हणजे पांखरूं पडतें खरें, पण खाण्याच्या लायकीचें राहत नाहीं. उलट माझ्यासारखे जुन्या वळणाचे सरळ नळीचे मास्तर. आमचे छरे सगळ्या वर्गावर थोडथोडे पडतात, आणि एकहि विद्यार्थी घायाळ होत नाहीं. यांत श्रेष्ठ कोण, हा प्रश्नच पोकळ आहे. म्हाताऱ्यानें विचारलें तेंच आधीं विचारलें पाहिजे: किती पावलांवरून?

जूनचा पहिला पाऊस पडायच्या आंत आम्ही अंतर मोजलें. माळ्याच्या बुंध्यापासून पुतण्या पावलें टाकीत निघाला आणि मी मोठ्यानें मोजीत त्याच्या मागें. ज्या बांधावरून डुकरें उतरत तेथपर्यंत चौसष्ट पावलें भरलीं. ओहोळाच्या अंगाला दुसरी वाट होती. ती ऐंशींच्या पलीकडे गेली. तिसरी वाट माळ्याच्या अगदीं पाठीशीं, अवघ्या पंधरा पावलांवर निघाली. परंतु तिकडे बार टाकणें शक्यच नव्हतें, कारण त्याच दिशेला कातकरी वाडीची पायवाट आहे आणि अंधार पडल्यावर माणसें तिनें लाकूडफांटा घेऊन येतात. रात्रीं चाळीस वाटणारें अंतर दिवसा चौसष्ट निघालें, यांत पुतण्याचा दोष नव्हता. ज्याचें पीक जात असतें त्याला अंधारांत सगळेंच जवळ दिसतें.

तो बांधावर उकिडवा बसला. दाट केलेला मारा दूरवर घातक राहतो, आणि पायवाट तेथें आहे, हें मी त्याला सांगणार होतों. पण तें त्याच्या आधींच लक्षांत आलें होतें. बऱ्याच वेळानें तो म्हणाला, “काका, हीं तिन्ही बाजूंनीं येतात म्हणून मला लांब मारायला लागतं. एकाच बाजूनं आलीं तर?”

मी कांहीं बोललों नाहीं. प्राध्यापकाच्या आयुष्यांत असे क्षण थोडे येतात, आणि ते बोलून घालवूं नयेत एवढें माझ्या वयानें मला शिकविलें आहे.

त्या पावसाळ्यांत त्यानें कुंपण केलें. निरगुडीच्या मेढी रोवल्या, मधून करवंदीच्या काट्या भरल्या, आणि जेथें काट्या पुरेनात तेथें कोळ्यांचीं टाकाऊ जाळीं आणून ताणलीं. हीं जुनीं जाळीं किनाऱ्याजवळच्या गांवांतून शेतकरी अलीकडे सर्रास वापरतात. डुकराचा पाय त्यांत अडकतो आणि तें बिचकतें. ओहोळाची वाट बंद झाली, पाठीमागची वाट बंद झाली. वरच्या बांधाशीं दोन हात रुंदीचें एकच खिंडार त्यानें मुद्दाम मोकळें सोडलें, आणि माळा मोडून तो त्या खिंडारापासून अठरा पावलांवर, पायवाटेकडे पाठ येईल असा, पुन्हां बांधला. कुंपण पुरें झाल्यावर मी तें पाहायला गेलों, तेव्हां तो म्हणाला, “चोक केला, काका. नळीला नाहीं, शेताला.”

वनखात्याकडचा अर्ज त्यानें लिहून ठेवला होता, पण तो दिला नाहीं. हळवें भात पिकलें तेव्हां डुकरें खिंडारांतूनच आलीं. अठरा पावलांवरून, नुसत्या दारूचा, वडिलांच्या मापाचा बार त्यानें टाकला. दुरून ऐकलेला आवाज आणि तोंडावर फुटलेला आवाज यांत किती अंतर आहे हें डुकरांना कळलें असावें. तीं आल्या वाटेनें उलटलीं, आणि वाट अरुंद असल्यामुळें एकमेकांच्या अंगावर पडत पडत गेलीं. तीन रात्री हें झालें. हळवें भात जवळजवळ सारें घरीं आलें.

गरव्याची गोष्ट निराळी झाली. १५ ऑक्टोबर २०२४ ला विधानसभेच्या निवडणुकीची घोषणा झाली. निवडणूक आली कीं परवान्याचीं शस्त्रें ठाण्यांत जमा करून घेण्याची वहिवाट आहे. त्याप्रमाणें आमचीहि बंदूक गेली. मतदान २० नोव्हेंबरला. गरवें भात तोंवर शेतांत उभें. मला वाटलें, एवढी सारी मांडणी एका नोटिशीनें निकालांत निघाली. पण दुसऱ्या दिवशीं फोनवर पुतण्याचा आवाज शांत होता. ज्या डब्याला दोन छरे लागले होते तोच रॉकेलचा डबा आणि एक मोठी विजेरी घेऊन तो माळ्यावर चढला होता. खिंडारांत पहिलें डुक्कर शिरलें कीं विजेरीचा झोत तोंडावर टाकायचा आणि डबा बडवायचा. चौसष्ट पावलांवर हा डबा हास्यास्पद ठरला असता. अठरा पावलांवर तो पुरला.

सगळ्या रात्री पुरला असें नाहीं. दोनदां त्याला झोप लागली, आणि एकदां एका दांडग्या एकुलग्यानें काट्या उधळून आपली वाट आपण केली. गरव्याचें निम्म्याहून थोडें अधिक पीक घरीं आलें; उरलेलें गेलें. आधींच्या वर्षीं दोन आणेसुद्धां आलें नव्हतें, म्हणून घरांत कोणी खंत केली नाहीं.

डिसेंबरांत बंदूक परत आली आणि आपल्या खुंटीवर जाऊन बसली. नळी जशी होती तशीच आहे. बारा बोअरची, तळापासून तोंडापर्यंत सरळ, आंत पोट नाहीं, पुढें आवळ नाहीं. तिला चोक नको असें मात्र मी कोणाला सांगणार नाहीं. ज्याचें अंतर चाळीस यार्डांचें आहे त्यानें तो अवश्य करावा, आणि जाणत्या कारागिराकडून करावा. आमचें अंतर अठरा पावलांचें होतें, आणि तें आम्हांला ठाऊक नव्हतें.

यंदा पुतण्यानें तीं जाळीं बदललीं आणि कुंपणाचें खिंडार आणखी वीतभर आवळलें.